रायफलची डावी बाजू

यतीन कर्णिककडे जी रायफल होती तिच्यातून गोळी सुटणं शक्य नव्हतं, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण होता. हे तो वॉटफर्डच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायचा, आणि पाहुणा चहाचा कप खाली ठेवून दाराकडे बघायला लागायचा.

आता बंदूक म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे मान्य. त्यातून इंग्लंडमध्ये बंदूक बाळगायची म्हणजे पोलीस घरी येतात, कपाटाचे स्क्रू तपासतात, तुमच्या डॉक्टरला पत्र धाडतात. पण रायफल पुरेशी जुनी असेल, तिला लागणारी गोळी जगात कुणी बनवत नसेल आणि तशी सरकारी यादीत नोंद असेल, तर ती रायफल न राहता शोभेची वस्तू होते. यतीनची रायफल ‘चव्वेचाळीस रिमफायर’ ह्या गोळीची. त्या गोळीचं उत्पादन बंद होऊन नव्वदेक वर्षं झाली. मुठीखालची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की पूर्वी पुढची गोळी नळीत जायची; आता नुसता ‘खट्-खटाक’ असा गोड आवाज येतो. ह्या रायफलींना लिव्हर-ॲक्शन म्हणतात. यतीनला अशा सहा, सहा वेगवेगळ्या दुर्मिळ गोळ्यांच्या, जमवायच्या होत्या. तूर्त संग्रह एका नगाचा होता. किंमत विचारू नका, ती त्याने बायकोला, वैभवीलाही सांगितलेली नव्हती.

ह्या रायफलीचं पोट पितळी होतं. कडी, घोडा, नळी पोलादाची आणि मधला सगळा भाग पितळेचा. दीडशे वर्षांत ते पितळ काळपट तपकिरी, मधाच्या बरणीच्या तळासारखं झालं होतं. त्या रंगाला संग्राहक मंडळी ‘पॅटिना’ म्हणतात आणि बोलताना आवाज खाली आणतात.

संग्राहक मंडळी म्हणजे ‘चेस व्हॅली लिव्हर-ॲक्शन सर्कल’. सभासद नऊ, सरासरी वय चौऱ्याहत्तर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका गावच्या हॉलमध्ये बैठक. यतीन तिथे दोन वर्षं ‘पाहुणा’ होता. ह्या दोन वर्षांत त्याने सर्कलची वेबसाइट बांधली, प्रोजेक्टरची वायर सहा वेळा बदलली, बिस्किटं मांडली. सभासदांच्या कोटावर नाव कोरलेला निळा मिन्याचा बिल्ला असायचा. यतीनच्या छातीवर दर वेळी एक पांढरा कागदी स्टिकर, त्यावर मार्करने लिहिलेलं ‘गेस्ट’. घरी आला की वैभवी तो स्टिकर ओढून काढायची आणि स्वेटरची लोकर निघायची. अकरा वर्षं ह्या देशात राहून, कर भरून, शेजाऱ्यांच्या मांजरांना सुट्टीत खाऊ घालून, माणसाने अजून ‘गेस्ट’च? ते त्याला फार लागायचं.

ऑक्टोबरच्या बैठकीत यतीन स्वतःची रायफल टेबलावर मांडणार होता. सभासदांनी ती पाहून हात वर केले की बिल्ला. सर्कलचे अध्यक्ष मिस्टर क्लाइव्ह हॅदरली, वय एक्क्याऐंशी, यांनी त्याला आधीच बजावलं होतं, “आमचा पहिला नियम, साफ करू नका. दुसरा नियम, पहिला विसरू नका.”

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मुरलीधरकाका मध्ये पडले.

मुरलीधर गद्रे तीन घरं सोडून राहायचे. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तीस वर्षं बिल्डिंगच्या परवानग्या दिलेल्या, खरं तर नाकारलेल्या. निवृत्त झाल्यापासून नाकारायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते सल्ले द्यायचे.

“लायसन्स नाही?” काका म्हणाले.

“लागतच नाही काका.”

“लागत नाही हे कोण म्हणतं?”

“कायदा म्हणतो.”

“कायदा तुझ्या नावाने म्हणतो का? लेखी घे. एक साधं पत्र. ‘श्री. कर्णिक यांना परवान्याची आवश्यकता नाही.’ शिक्का, सही. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवशील, यादी?”

झालं. इथे जन्मलेला माणूस हे ऐकून हसला असता. पण ज्याने पुण्यात स्कूटरच्या एनओसीसाठी चार खिडक्या पालथ्या घातल्या आहेत, त्याच्या मनातून असली शंका जात नाही. यतीनने पोलिसांच्या बंदूक विभागाला ईमेल केली. सारा नावाच्या बाईंचं उत्तर आलं की परवाना लागत नसल्यामुळे परवाना लागत नाही असा परवाना आम्ही देत नाही. यतीनने विचारलं, हेच तुम्ही लेटरहेडवर देऊ शकाल का? साराबाईंनी लिहिलं, ही ईमेल लेखीच आहे. यतीनने ती छापली आणि शिक्क्यासाठी जातीने पोलीस स्टेशन गाठलं. सोबत पासपोर्ट, घरपट्टीचं बिल आणि रायफलीच्या फोटोच्या तीन प्रती, प्रत्येकीवर स्वतःची सही.

काउंटरवर जाऊन तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मी माझ्या रायफलीसंदर्भात आलोय.”

आता सांगा, हे कुठे बोलावं? मागे सायकल चोरीची तक्रार द्यायला आलेली बाई सायकल गेली तर गेली म्हणून निघून गेली. काउंटरवरचा माणूस फार हळू आवाजात म्हणाला, “सर, ती आत्ता तुमच्याजवळ आहे का?”

“नाही नाही, फक्त झेरॉक्स आहे!”

चाळीस मिनिटं त्याला एका छोट्या खोलीत बसवलं. चहा दिला, म्हणजे तो गुन्हेगार नव्हता. पण बिस्किट दिलं नाही, म्हणजे अगदी सभ्यही नव्हता. शेवटी साराबाईंशी फोनवर बोलणं होऊन सुटका झाली. शिक्का मिळाला नाही. काका म्हणाले, “बघ, देत नाहीत म्हणजे काहीतरी आहे.”

पण खरा घोटाळा पोलिसांनी केला नाही. तो घरातच झाला.

यतीनची आई, लीलावतीबाई, सहा महिन्यांच्या व्हिसावर जुलैत आल्या होत्या. वय शहात्तर. बालपण पुण्यातल्या कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी. सकाळी हातोड्यांच्या ठोक्यांनी जाग यायची आणि खेळायचं ते घडवून झालेल्या घंगाळात बसून. त्यामुळे तांबं-पितळ हा त्यांच्या घरच्या माणसांइतका जवळचा विषय. काळं पडलेलं पितळ दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही.

यतीनने जेवताना पॅटिनावर व्याख्यान दिलं होतं. “आई, तो काळेपणा हाच तिचा दागिना आहे.”

“हो का,” लीलावतीबाई म्हणाल्या आणि त्याला आमटी वाढली. मनात म्हणाल्या, आळसाला लोक काय काय नावं देतात! बिचारा रोज लंडनला जातो-येतो, बायको हॉस्पिटलात राबते, घासणार कधी?

सोमवारी दुपारी त्यांनी यतीनला ऑफिसात फोन केला. “येताना चिंच आण रे, घरातली संपली. चांगली पाव किलो.”

आज्ञाधारक मुलाने हॅरोला उतरून देशी दुकानातून चिंच आणली. एवढी चिंच कशाला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. मंगळवारी पुन्हा फोन आला, “संपली रे, अजून आण.” मंगळवारी मात्र ट्रेन उशिरा, वर पाऊस, तो विसरला. पुढे आयुष्यभर तो म्हणणार होता की अर्धी इज्जत वाचली ती ह्या विसरण्याने.

बुधवारी खंडेनवमी. यतीन त्या दिवशी घरूनच काम करणार होता. अंघोळ करून खाली आला तर देवासमोर पाट, पाटावर शस्त्रं मांडलेली. वैभवीचा स्टेथोस्कोप, लेकीची, सियाची हॉकीची स्टिक आणि कंपासपेटी, विळी, गाडीची किल्ली, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेली, शेवंतीचा हार घातलेली रायफल. तिचं पोट असं लखलखत होतं की समईची ज्योत त्यात दिसत होती.

“आवडली?” लीलावतीबाईंनी विचारलं. चेहरा असा उजळलेला, की लहान मुलगी चित्र दाखवते आहे.

यतीनच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. वैभवी वरून धावत आली. सिया इअरफोन काढून आली.

“आई! काय केलंस हे? दीडशे वर्षं... दीडशे वर्षं घासून टाकलीस तू!”

“अरे, दोन दुपारी घासली तेव्हा कुठे एक बाजू निघाली. फार चिवट होतं. दुसरी राहिली, चिंच संपली.”

यतीनने रायफल उलटी केली. उजवी बाजू होती तशी, तपकिरी. म्हणजे आता ती एका बाजूने दीडशे वर्षांची होती आणि दुसऱ्या बाजूने काल दुकानातून आणलेली.

“बाबा, शायनी साइड मस्त दिसतो,” सिया म्हणाली. तिचं मराठी घरात शिकलेलं आणि शाळेत विसरलेलं.

“तू गप्प बस! तुम्हाला कुणाला काही किंमत नाही. आई, तुला निदान विचारता आलं नसतं? हात लावायची काय गरज होती?”

पदराच्या टोकाने लीलावतीबाईंनी रायफलीवरचं कुंकू पुसलं, हार काढून देवांना घातला आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी श्रीखंड होतं, पण ते कसं झालं होतं हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

बुधवार ते शनिवार यतीन आईशी बोलला नाही. म्हणजे ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढं बोलला. पण ते बोलणं नव्हे.

ह्या काळात मुरलीधरकाका रोज येऊन गेले. त्यांचं निदान होतं की जे घासून जातं ते फासून येतं. बूटपॉलिश? नको, वास येतो. मोहरीचं तेल जाळून? वैभवीने स्मोक अलार्मकडे बोट दाखवलं. शेवटी कडक चहा. प्रयोग म्हणून देवघरातली घंटा दोन दिवस चहाच्या पातेल्यात बुडवून ठेवली. ती काळी झाली नाही, नुसती आल्याचा वास मारायला लागली. वैभवी म्हणाली, “आता आरतीला बिस्किटंही ठेवा.” हे विनोद यतीनला त्या आठवड्यात सहन होत नव्हते.

तेव्हा त्याने ठरवलं की रायफल उजव्या कुशीवर न ठेवता डाव्या कुशीवर ठेवायची, काळी बाजू वर, आणि उलटू द्यायची नाही. बेत फारसा थोर नव्हता, पण दुसरा नव्हता.

शनिवारी सकाळी तो निघाला तर लीलावतीबाई शाल घेऊन, हातात चकल्यांचा डबा घेऊन दारात तयार. “मी येते. माझ्या हातून झालंय, मी सांगते त्या लोकांना.”

“आई, काही गरज नाही.”

“सिया सांगेल इंग्रजीत. चल ग.”

सिया गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती. वीस मिनिटांच्या रस्त्यात यतीन नुसता पुढे बघत राहिला आणि लीलावतीबाई खिडकीबाहेर. मागच्या सीटवर रायफलीची पेटी आणि चकल्यांचा डबा मात्र एकमेकांना टेकून बसले होते.

हॉलमध्ये नऊ म्हातारे अर्धवर्तुळात. टेबलाच्या एका टोकाला हॅदरलींची स्वतःची रायफल, सर्कलची शान. तीही पितळी पोटाची, चव्वेचाळीस रिमफायर, पण रंग असा गडद की यतीनला ती बघताना नेहमी मान झुकवावीशी वाटायची. त्याने आपली रायफल शेजारी ठेवली, काळी बाजू वर. छातीवर ‘गेस्ट’. सहा पानांचं भाषण त्याने न अडखळता म्हटलं. माना डोलल्या. आणि मग हॅदरलींनी पांढरे हातमोजे घातले आणि दोन्ही हातांनी रायफल उचलून उलटी केली.

खिडकीतलं ऊन बरोबर त्या बाजूवर पडलं. समोर बसलेल्या एकाने डोळे मिटून घेतले. कुणीतरी “ओह डिअर” म्हणालं, आणि इंग्लंडमध्ये ह्याहून वाईट बोलत नाहीत.

“हे कुणी केलं?” हॅदरलींनी विचारलं.

यतीनने तोंड उघडायच्या आत लीलावतीबाई उठून टेबलापाशी आल्या. “सिया, सांग त्यांना. मी केलं. यतीनचा काही दोष नाही. त्याला बिल्ला द्या म्हणावं.”

सियाने सांगितलं. यतीनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लीलावतीबाईंचं लक्ष आता भलतीकडेच होतं. त्या हॅदरलींच्या रायफलीकडे बघत होत्या. त्यांनी अंगठा जिभेला लावला, आणि कुणी अडवायच्या आत त्या गडद पितळावर फिरवला, नाकाशी नेला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“यतीन, ही काळी झालेली नाही रे. केलेली आहे.”

“आई, हळू!”

“अरे, आमच्या आळीत करायचे ना. साहेब लोकांना जुनं हवं असायचं, मग नव्या समयांना नवसागर चोळून पुरून ठेवायचे. तुझी बघ, जिथे हात लागतो तिथे उजळ, खाचेत काळी. दोन दुपारी घासली तरी खाचेतलं निघालं नाही, अस्सल आहे ती. ही जिथे हात लागतो तिथेही तितकीच काळी! मग दीडशे वर्षं हिला धरली कुणी?”

यतीनने पाहिलं. दोन वर्षं मान झुकवत आला होता, बघितलं मात्र आज. आई म्हणत होती ते खरं होतं.

“तुमच्या आई काय म्हणतात?” हॅदरलींनी विचारलं. नऊच्या नऊ म्हातारे ऐकत होते.

सिया म्हणाली, “शी सेज...”

आणि इथे, वाचकहो, यतीन कर्णिकच्या हातात सगळं होतं. एक वाक्य बोलला असता तर डाव्या बाजूकडे पुन्हा कुणी बघितलं नसतं. दोन वर्षांची बिस्किटं वसूल झाली असती. पण हॅदरलींनी हातमोजा घातलेला हात आपल्या रायफलीवर झाकल्यासारखा ठेवला होता, ते त्याला दिसलं.

“ती म्हणते,” यतीन म्हणाला, “की तुमच्या रायफलीला ती हात लावणार नाही.”

हॅदरलींनी त्याच्याकडे बघितलं, मग लीलावतीबाईंच्या काळ्या अंगठ्याकडे. आणि सर्कलच्या इतिहासात प्रथमच चहाची सुट्टी वीस मिनिटं लवकर जाहीर झाली.

हॉलमागच्या छोट्या किचनमध्ये त्यांनी तिघांना बोलावलं आणि दार लावलं. “त्यांना कळलं ना?” ते म्हणाले.

सियाने मान डोलावली.

“नक्कल आहे ती. इटलीत बनलेली. नळीत पोलादी कांडी ठोकून निकामी केलेली आहे, कागद खिशात असतो माझ्या, त्यामुळे पोलिसांना सांगायची गरज नाही.” मग त्यांनी हातमोजे काढून ओट्यावर ठेवले. “खरी माझ्याकडे होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या ईस्टरला मी कामावरून आलो तर डोरोथीने, माझ्या बायकोने, ती आरशासारखी घासून ठेवली होती. दारातच मला म्हणाली, आवडली का?”

सिया हळू आवाजात आजीला सांगत होती. चुकतमाकत, पण पोचत होतं.

“मी सहा आठवडे तिच्याशी बोललो नाही. रायफल विकली. लाजेने ही आणली, शेडमध्ये चहा आणि अमोनियात बुडवून काळी केली, आणि सर्कलला तो पहिला नियम घालून दिला. डोरोथी जाऊन आता पाच वर्षं झाली.” त्यांनी चहाच्या भांड्याची तोटी उगीचच उघडून बंद केली. “घरात इतकी सुंदर वस्तू दुसरी नव्हती हो. आणि मी तिला तसं एकदाही म्हटलं नाही.”

लीलावतीबाईंनी चकल्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक घेतली, चावली, आणि त्या आवाजाने सियाला हसू आलं. मग हॅदरलींनाही आलं.

यतीनला मात्र हसता येईना. त्याच्या डोळ्यांसमोर बुधवारचा पाट होता, आणि ‘आवडली?’ म्हणणारा तो चेहरा. तीन दिवस आपण हिला फक्त मीठ मागितलं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

चहानंतर हॅदरली उभे राहिले. म्हणाले, की आजवर आपण पॅटिनावरून वस्तू अस्सल ठरवत आलो. ही पहिलीच रायफल, जिची परीक्षा प्रत्यक्ष घासून झाली आहे आणि जी त्यात उतरली आहे. हात वर करा. आठ हात वर झाले. नववा डोळे मिटलेल्याचा होता. तो चौथ्या चकलीनंतर झाला.

निळा बिल्ला यतीनने परतताना गाडीतच आईच्या शालीवर लावला. त्यावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण ते त्याने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. वाटेत त्याने हॅरोला गाडी वळवली आणि अर्धा किलो चिंच घेतली.

रविवारी सकाळी त्याने ती स्वतः भिजत घातली. रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली. “आई, दुसरी बाजू राहिलीय.”

लीलावतीबाई चहा गाळत होत्या. त्यांनी वळून एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा रायफलीकडे.

“आवडली का ते सांगितलं नाहीस.”

“आवडली,” यतीन म्हणाला. “फार सुंदर झालीय.”

“मग राहू दे ती बाजू. आत्ता नको.”

“का?”

“डिसेंबरात व्हिसा संपतो माझा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी यायला काहीतरी काम नको का?”

त्या दिवशी भिजवलेल्या चिंचेचं सार झालं, शेजारीपाजारी वाटलं, हॅदरलींना डबा गेला. आणि आईच्या पुढच्या व्हिसासाठी लागणारं निमंत्रणपत्र यतीनने नऊ महिने आधीच लिहायला घेतलं. ‘भेटीचा उद्देश’ इथे तो अडला. मुरलीधरकाका चष्मा लावून शेजारी बसलेच होते.

“रायफल हा शब्द कुठेही घालू नकोस,” काका म्हणाले.

काकांचा हा पहिला सल्ला, जो बरोबर होता. यतीनने लिहिलं, ‘अर्धवट राहिलेलं घरकाम.’ खाली सही केली, तीन प्रती काढल्या, आणि प्रत्येकीवर पुन्हा एकेक सही केली.